मश हसन एका रात्रीत गाय झाला नाही

प्रश्न एका मुलीचा आहे. ती एकांकिका स्पर्धांमध्ये काम करते. नाट्यशिबिरात तिला 'गाव' हा जुना इराणी सिनेमा दाखवला. गाय मेल्यावर स्वतःलाच गाय समजू लागणारा शेतकरी मश हसन पाहून ती दोन दिवस अस्वस्थ होती. ती विचारते : हा नट कोण? असं काम करायला नट नेमकं करतो काय, की हे ज्याला जमतं त्यालाच जमतं? आणि त्याचं आणखी काय पाहावं?

मी पस्तीसेक वर्षं प्रायोगिक नाटकं करतोय आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षं शिबिरं घेतोय. या नटाबद्दल बोलायला लागलो की मला थांबवावं लागतं, तेव्हा उत्तर लांबणार.

नटाचं नाव एज्जतोल्ला इंतेजामी. नीट ऐकलं तर आपल्या रोजच्या बोलण्यातली 'इज्जत' आणि 'इंतजाम' दोन्ही त्यात सापडतात. इराणमध्ये लोक त्याला 'आगा-ये बाजीगर' म्हणायचे, म्हणजे 'नटसाहेब'. फारसीत बाजीगर म्हणजे नट. आपण त्या शब्दाचा जादूगार केला, हा आपला आगाऊपणा. सिनेमाच्या नावातही अशीच गंमत आहे. फारसी 'गाव' म्हणजे गाय, संस्कृतातल्या 'गो'ची सख्खी बहीण. पण फिल्म सोसायटीच्या कागदावर पहिल्यांदा हे नाव वाचलं तेव्हा मी मराठी 'गाव' समजूनच आत जाऊन बसलो होतो. गंमत म्हणजे सिनेमा संपला तेव्हा माझी चूक झालीय असं वाटलं नाही. गाय पहिल्या अर्ध्या तासात मरते. पुढचा सगळा वेळ आपण गावच पाहत असतो.

आता तुझ्या मधल्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. सगळ्यांना लक्षात राहतो तो गोठा. अंधारात इंतेजामी चारा चघळतोय, हंबरतोय, भिंतीवर डोकं आपटतोय आणि दारात उभ्या गावकऱ्यांना सांगतोय, "मी मश हसन नाही, मी मश हसनची गाय आहे." आणि मग धन्यालाच हाका मारतो : मश हसन, धाव, हे बलूरी मला चोरायला आलेत. (बलूरी म्हणजे शेजारगावचे चोर. साऱ्या गावाला त्यांची धास्ती.) शिबिरातली मुलं हा प्रसंग पाहतात आणि दुसऱ्या दिवशी रंगमंचावर चौघं-चौघं रांगत असतात. बघवत नाही.

काम तिथे झालेलंच नाही. ते त्याआधीच होऊन गेलंय, गाय जिवंत असताना.

सुरुवातीला मश हसन गायीला पाण्यावर नेतो, तो प्रसंग पुन्हा लावून बघ. तो तिच्याबरोबर पाण्यात उतरतो, तिच्या अंगावर पाणी उडवतो, तळहाताने तिची कूस चोळतो. चेहऱ्यावर फार काही चाललेलं नसतं. सगळं काम हात करतात. गायीच्या अंगावरून फिरणारे ते हात मालकाचे आहेत, बापाचे आहेत, थोडे नवऱ्याचेही आहेत. त्याला मूलबाळ नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. चोरांच्या भीतीने तो रात्री गोठ्यातच गायीपाशी झोपतो. म्हणजे माणूस आणि जनावर यांच्यातलं अंतर त्याने आधीच इतकं कमी केलेलं असतं की पुढे गाय नाहीशी झाल्यावर तिच्या जागी जाऊन उभं राहायला त्याला एकच पाऊल टाकावं लागतं. आपल्याला ते एक पाऊल दिसतं आणि आपण थक्क होतो. आधीची शंभर पावलं त्याने आपल्यासमोरच टाकलेली असतात, ती आपण मोजलेली नसतात.

शिबिरात मी एक व्यायाम देतो. म्हैस धुवायची, म्हैस नाही. बहुतेक मुलं आधी हवेत म्हशीची पाठ काढतात, मग शिंगं, मग शेपूट. म्हणजे म्हशीचं चित्र. एकदा गावाकडून आलेला एक पोरगा उठला, पाय रोवले आणि काही न काढता आधी खांद्याने एक ढोसणी दिली, "सरक की गं." म्हैस उभी राहिली. आम्हा सगळ्यांना दिसली. इंतेजामीचं तेच आहे. तो गाय दाखवत नाही. गायीशी त्याचा जो व्यवहार आहे तो दाखवतो.

हे त्याला कुठून आलं, ते सांगायचं तर तेहरानच्या लालेजार रस्त्यावर जावं लागेल.

इंतेजामीचा जन्म १९२४ चा, तेहरानच्या संगलज या जुन्या मोहल्ल्यातला. शिक्षण तांत्रिक शाळेत झालं, पण पोरगा रमला लालेजारच्या नाट्यगृहांमध्ये. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, इराणवर दोस्त राष्ट्रांचं सैन्य येऊन बसलं होतं. महागाई होती, टंचाई होती आणि लोकांच्या जिभा मात्र सैल सुटल्या होत्या. त्या काळात तिथे 'पीश-पर्दे' नावाचा प्रकार जोरात चालला. पीश-पर्दे म्हणजे पडद्यापुढचं. दोन अंकांच्या मधे पडद्यामागे सेट बदलत असतो, ठोकाठोक चालू असते, लोक चुळबुळत असतात. तेवढ्या वेळात एक नट पडद्यापुढे येतो आणि वेषबिष करून चालू घडामोडींवरचं टिंगलीचं गाणं म्हणतो. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला हे काम एका दमात कळेल. इंतेजामीने सुरुवात तिथून केली. सिनेमातलं त्याचं पहिलं दर्शनही त्याच वळणाचं, १९४९ च्या 'वारिएते-ये बहारी' या हलक्याफुलक्या चित्रपटात. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं सिनेमा त्याच्याकडे वळला नाही, आणि तोही सिनेमाकडे फारसा वळला नाही.

पडद्यापुढे एकटं उभं राहण्याचं हे शिक्षण कमी समजू नकोस. तिथे नटाच्या मागे घर नाही, खुर्ची नाही, सहकलाकार नाही. पुढे शेंगा सोलणारा प्रेक्षक. त्याला धरून ठेवायला एक आवाज आणि दोन हात. विनोदी नट गंभीर भूमिकेत शोभतो की नाही, अशी चर्चा आपल्याकडे अजून होते. मला ती चर्चाच कळत नाही. टायमिंग शिकलेल्या नटालाच थांबायचं कधी ते कळतं.

याच काळात त्याला दुसरं टोकही दिसलं. अब्दोलहोसेन नूशीन हे आधुनिक इराणी रंगभूमीचे मोठे दिग्दर्शक, फिरदौसी थिएटरचे. इंतेजामी त्यांच्या नाटकांत काम करू लागला. पाठांतर पक्कं हवं, तालीम वेळेवर हवी, भूमिका लहान असली तरी तिचा अभ्यास हवा, ही शिस्त तिथली. नूशीन डाव्या तूदे पक्षाचे. १९५३ मध्ये पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथवलं गेलं, तेव्हा त्यांच्या परंपरेतल्या सादी थिएटरलाही आग लावली गेली. लालेजारचे नट सैरभैर झाले. इंतेजामी जर्मनीला गेला, हॅनोवरला नाटक-सिनेमाचं शिक्षण घेतलं आणि १९५८ मध्ये परत आला. पुढे चाळिशी ओलांडल्यावर त्याने तेहरान विद्यापीठाच्या ललित कला विभागातही नाव घातलं. नाव झालेला नट पोरासोरांबरोबर बाकावर बसतो, हे चित्र मला फार आवडतं. आपल्याकडे दोन मालिका झाल्या की लोक शिबिरात शिकायला येत नाहीत, शिकवायला येतात.

परतल्यावर तो सरकारच्या नाट्यकला कार्यालयात लागला. तिथे नट पगारी होते. सरकारी पगार म्हटलं की आपलं नाक वाकडं होतं, पण त्या पगारामुळे काय झालं बघ. अली नसीरियान, जमशीद मशायेखी, जाफर वाली, इंतेजामी ही मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर नाटकं करत राहिली. १९६५ मध्ये संगलजमध्येच नवं नाट्यगृह उभं राहिलं, म्हणजे इंतेजामी जिथे जन्मला त्याच मोहल्ल्यात. आणि या चमूला त्याच सुमारास लेखक मिळाला घोलामहोसेन साएदी. पेशाने मानसोपचाराचा डॉक्टर. गावखेड्यांत हिंडलेला. त्याच्या एका नाटकात रानडुकरांनी शेतं उद्ध्वस्त केलेलं गाव बंदूकवाले शिकारी बोलावतं, शिकारी डुकरं मारतात आणि मग गावालाच खायला उठतात. जाफर वालीने ते बसवलं. साएदीच्या 'बयल' गावच्या कथांमधली गायीची गोष्ट वालीनेच आधी टेलिव्हिजनसाठी केली. त्यात मश हसन कोण होता? इंतेजामीच.

म्हणजे दारियूश मेहरजुई हा तिशीच्या आतबाहेरचा दिग्दर्शक, अमेरिकेत तत्त्वज्ञान शिकून आलेला, १९६९ मध्ये या गोष्टीवर सिनेमा करायला उभा राहिला तेव्हा इंतेजामी पंचेचाळीस वर्षांचा होता आणि मश हसन त्याच्या अंगात आधीच मुरलेला होता. तू विचारलंस, असं काम करायला नट काय करतो. एक उत्तर हे : तो ती भूमिका एकदा आधी करून बसलेला असतो. भूमिका दुसऱ्यांदा हाती येणं हे नटाचं भाग्य. पहिल्यांदा आपण ती सिद्ध करायच्या मागे असतो, दुसऱ्यांदा ती करतो.

दुसरं उत्तर त्याच्या आजूबाजूला आहे. सिनेमातला सरपंच म्हणजे कदखुदा, तो जाफर वाली. गावातला शहाणा मश इस्लाम, तो नसीरियान. अब्बास हा मशायेखी. (मश म्हणजे मशहदी, मशहदची यात्रा करून आलेला. 'हाजी'सारखंच बिरुद, गरिबाला परवडणारं.) सगळे एकाच तालमीतले. गाय मेलीय, ती विहिरीत टाकून बुजवलीय, आणि मश हसन परत येतोय. त्याला सांगायचं काय? पळून गेली म्हणून सांगू. हे ठरवताना त्यांच्या नजरा एकमेकांना कशा चुकवतात ते बघ. ही चोरटी नजर दिग्दर्शकाने सांगून येत नाही. दहा वर्षं एका मेकअप रूममध्ये डबे खाल्ल्यावर येते. मश हसन वेडा होतो तो एकट्याने नाही. त्याच्याशी प्रेमाने खोटं बोलणारं अख्खं गाव त्याला त्या गोठ्यात लोटतं. इंतेजामीला वेडाकडे धावावं लागतच नाही.

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. तरुणपणी एका नाटकात मला भ्रमिष्ट होत जाणाऱ्या कारकुनाची भूमिका मिळाली. शेवटी वेडा व्हायचंय हे माहीत असल्यामुळे मी पहिल्या प्रवेशापासून डोळे जरा मोठे ठेवायचो, बोटं चाळवायचो. मला वाटायचं, बीज पेरतोय. आमच्या दिग्दर्शकाने चौथ्या तालमीला एवढंच विचारलं, "तुला ऑफिसात कामावर ठेवलं कुणी?" इंतेजामीचा मश हसन सुरुवातीला गावातला सगळ्यात धड माणूस वाटतो. हसरा, थोडा भित्रा, थोडा गायीचा तोरा मिरवणारा. अख्ख्या गावात गाय एकट्या त्याच्याकडे आहे, हा तोरा त्याच्या चालण्यात आहे. तो खरा असतो, म्हणूनच नंतर दोरीने बांधून शहरातल्या इस्पितळाकडे पावसाचिखलातून ओढत नेताना मश इस्लाम त्याला चाबकासारखा फटका मारून "हैवान!" म्हणून ओरडतो, तेव्हा आपल्या पोटात कालवतं. गावातला शहाण्यात शहाणा माणूस अखेर त्याला गाय मानतो. त्या क्षणी नसीरियानचा चेहरा बघायला विसरू नकोस.

सिनेमाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पैसा सरकारचा आणि बंदीही सरकारचीच. शहाच्या प्रगत इराणमध्ये इतकी दरिद्री खेडी कशी दाखवता, अशी तक्रार. शेवटी ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची आहे असा मजकूर जोडून तो दाखवला गेला. १९७१ मध्ये प्रिंट चोरून व्हेनिसला पोचली आणि तिथे समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी शिकागो महोत्सवात इंतेजामीला सर्वोत्तम अभिनेत्याचं. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर सिनेमाच बंद करावा अशी हवा असताना आयातुल्ला खोमेनींनी या चित्रपटाची स्तुती केली आणि त्याचा इराणी सिनेमाला टिकून राहायला आधार झाला, असं तिकडचे अभ्यासक सांगतात. शहाच्या सेन्सॉरला खुपलेला सिनेमा मुल्लांना चालला. असा योग क्वचित जुळतो. मेहरजुईचा शेवट मात्र फार वाईट झाला. २०२३ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा राहत्या घरात खून झाला.

आता आणखी काय पाहावं. यादी मोठी आहे, मी माझ्या आवडीचं सांगतो.

अली हातमीचा 'हाजी वॉशिंग्टन', १९८२ चा. इराणने अमेरिकेत पाठवलेला पहिला वकील, म्हणजे राजदूत, होसेन-कुली खान, १८८८ मधला. वकिलात थाटात उघडलीय आणि काम कुणाचंच नाही. एकदा साक्षात राष्ट्राध्यक्ष येतात म्हणून हा होता नव्हता तो पैसा उधळतो, मग कळतं की पाहुणे आता राष्ट्राध्यक्ष राहिलेले नाहीत. पण पाहायचा तो बकरी ईदचा प्रसंग. परमुलखात एकटा माणूस मेंढा कापतोय आणि बोलतोय, बोलतोय. देशाबद्दल, दरबाराबद्दल, स्वतःबद्दल. हात कातड्याखाली, रक्त कोपरापर्यंत, आणि वाणी जुन्या दरबारी वळणाची. स्वगत म्हणताना हातांचं काय करायचं हा प्रश्न तुम्हा मुलांना छळतो ना? त्याचं उत्तर इथे आहे. हा चित्रपट तिकडे कितीतरी वर्षं पडद्यावर येऊ दिला नाही.

मग चव बदलायला मेहरजुईचाच 'एजारे-नशीनहा', म्हणजे भाडेकरू, १९८६ चा. पडायला आलेली इमारत, तिच्यात भांडणारी कुटुंबं आणि इमारतीवर डोळा ठेवून बसलेला अब्बास आगा खाटीक, हा इंतेजामी. कुणाही मुंबईकराला पागडीच्या चाळीत गेल्यासारखं वाटेल. लालेजारचा तो पडद्यापुढचा नट इथे पुन्हा भेटतो, पोट सुटलेला आणि आवाज चढलेला.

तिसरा मात्र खास आपल्यासाठी. मोहसेन मखमलबाफचा १९९२ चा 'नासेरुद्दीन शाह, आक्तोर-ए सिनेमा'. हा नासेरुद्दीन आपला नट नव्हे, एकोणिसाव्या शतकातला इराणचा बादशहा. तो इंतेजामीने त्याआधी हातमीच्या 'कमालुल्मुल्क' या चित्रपटात रुबाबात केला होता. इथे त्याच शहाची टर उडवलीय. खरा शहा १८९६ मध्ये मारला गेला आणि सिनेमाचं यंत्र इराणमध्ये आलं १९०० मध्ये, त्याच्या मुलाच्या काळात. मखमलबाफ तो काळ बिनदिक्कत मुरडतो. शहासमोर सिनेमा लागतो, पडद्यावरची गुलनार खाली उतरते आणि शहा तिच्या प्रेमात पडतो. ही गुलनार कोण? 'दुख्तर-ए लोर' या पहिल्या फारसी बोलपटाची नायिका. आणि तो बोलपट तयार झाला १९३३ मध्ये आपल्या मुंबईत, इंपीरियल फिल्म कंपनीत. 'आलम आरा'वाल्या अर्देशीर इराणींच्या स्टुडिओत. अर्देशीर इराणी पुण्यात जन्मलेले. लेखक-नायक अब्दोलहोसेन सेपांता, गुलनार झाली होती मुंबईत राहणारी रूहांगीज सामीनेजाद. सिनेमा इराणमध्ये तुफान चालला आणि पडद्यावर आली म्हणून या बाईला तिथे इतका त्रास झाला की उरलेलं आयुष्य तिने नाव झाकून काढलं. मखमलबाफच्या सिनेमात तिच्यापायी शहा राज्य सोडतो आणि नट व्हायला निघतो. नट व्हायचं तर भूमिका कुठली? मश हसनची. मुकुट घातलेल्या माणसाला गाय व्हायला सांगतात, आणि ते करणारा असतो तोच इंतेजामी, सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचा, स्वतःच्याच सर्वांत मोठ्या भूमिकेची नक्कल करताना. तिथे तो स्वतःला जराही जपत नाही. शहाला ती भूमिका जमत नाही, हेही त्यालाच दाखवायचं असतं. वाईट अभिनय चांगला करून दाखवणं किती अवघड, ते करून बघ.

रख्शान बनी-एतेमाद या दिग्दर्शिकेचा 'रूसरी आबी' (१९९५) शेवटी ठेव. टोमॅटोच्या कारखान्याचा विधुर मालक, मुलींची लग्नं झालेली, आणि कामावरची एक तरुण बाई, फातेमे मोतामेद-आर्या. इराणी सिनेमात बाई-पुरुषाने पडद्यावर एकमेकांना शिवायचं नाही हा नियम. म्हणजे 'गाव'मध्ये ज्या हातांनी सगळं सांगितलं, ते हातच इथे काढून घेतलेत. मग तो काय करतो? उभं राहण्याचं अंतर बदलतो. एका प्रसंगात दाराशी अर्धं पाऊल, पुढच्यात एक पाऊल. घरातल्या मुलींना ते अंतर आपल्याआधी कळतं.

हे मेथड, म्हणजे भूमिकेतलं जगणं आधी स्वतः जगून केलेला अभिनय, आहे का, असंही तू खाली लिहिलंयस. गोठ्यात राहिला असेल, गायीबरोबर महिनाभर झोपला असेल, वगैरे. मला विचारशील तर त्या शब्दाचा इथे काही उपयोग नाही. पडद्यापुढची गाणी, नूशीनची तालीम, हॅनोवर, साएदीची खेडी आणि पगारावर एकत्र राहिलेले नट. यातलं काय काढलं तर मश हसन उभा राहिला नसता, ते मला सांगता येणार नाही.

तो गेला ऑगस्ट २०१८ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. तेहरानच्या कैतारिये भागातलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. मुलगा मजीद संगीतकार झाला. इराणी सिनेमाचं पार्श्वसंगीत ऐकशील तेव्हा हे आडनाव पुन्हा दिसेल.

शिबिर संपलं नसेल तर एक कर. 'गाव'चा पहिला अर्धा तास आवाज बंद करून लाव आणि फक्त मश हसनचे हात बघ. वही घेऊन बस. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दीड पानावर थांबलो, कारण गाय मेली होती आणि मला पुढे लिहवेना.